सात नंबरच्या मागे कोण

टॅरिंगलच्या फुटबॉल क्लबात संघ ठरतो तो गुरुवारी, सराव संपल्यावर. पोरं आंघोळी उरकून बाहेरच्या हॉलमध्ये वाटाण्याचं सूप ओरपत बसतात आणि आतल्या खोलीत दोन माणसं पांढऱ्या फळ्यापुढे डोकं धरून बसतात. एक कोच रॉस नोस्के, वय चोपन्न, गहू पिकवणारा, बोलायला तिखट. दुसरी मर्ल, क्लबची अध्यक्ष आणि गावातल्या एकुलत्या एका बेकरीची मालकीण. त्या गुरुवारी फळ्यावर सतरा नावं लागली होती आणि अठरावी जागा तासभर रिकामीच होती. ती जागा चिकट्याची.

चिकट्या म्हणजे काय, हे त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. तिकडचा फुटबॉल अठरा-अठरा गड्यांचा, चेंडू हातात धरूनही पळायचा. समोरच्या संघात मधल्या फळीत एक हुकमी गडी असतो, सगळा खेळ त्याच्या हातून जातो. त्याच्या मागे आपला एक माणूस लावून द्यायचा. चेंडू कुठे आहे, याच्याशी त्या माणसाला काही देणंघेणं नाही. त्याने त्या गड्याच्या कमरेकडे बघायचं, तो वळेल तिकडे वळायचं, तो पाणी प्यायला थांबला तर शेजारी उभं राहायचं. दिवसभर राबायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, असलं ते काम.

"शनिवारी फायनल आहे, रॉस," मर्ल म्हणाली. "वाराकिनचा तो सात नंबर, डॉरिगन, सेमीफायनलला एकटा सदतीस वेळा चेंडू घेऊन गेला. त्याच्या मागे कुणी नसलं तर आपण घरी बसलेलं बरं."

"फुलरला लावू?"

"फुलर? चेंडू दिसला की तो पोरगा भान विसरतो. पाच मिनिटांत डॉरिगनला सोडून पळेल."

"मग वेन."

"वेनचे गुडघे गेलेत. परवा माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढला तर बसायला खुर्ची मागितली." मर्लने चष्मा काढला. "तू मुद्दाम टाळतोयस. दम आहे, सोशीक आहे, आपलंच घोडं पुढे दामटायची सवय नाही, असा एकच पोरगा आहे आणि तो तुझा आहे."

रॉसचा मुलगा एली, वीस वर्षांचा. मर्ल म्हणत होती ते सगळं खरं होतं, आणि म्हणूनच रॉसला ते नको होतं.

"कोरीचं काय झालं, ते विसरलीस?" त्याने विचारलं.

मर्लने खिडकीकडे तोंड फिरवलं. कोरी लांपेचा विषय निघाला की सगळं गाव असंच दुसरीकडे बघायचं.

गेल्या वर्षीची फायनलही वाराकिनशीच होती. तेव्हा त्यांचा हुकमी गडी होता काल्डर, आणि रॉसने कोरीला त्याच्या मागे लावलं. शांत पोरगा, आई-बाप नाहीत, मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या टोळीत कामाला. सामन्याआधी रॉसने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तो जाईल तिथे जायचं. कुंपणावरून कुणी काहीही ओरडू दे, ऐकायचं नाही. मी स्वतः ओरडलो तरी नाही. क्लेम येऊन तुझ्या खांद्याला हात लावेल, तेव्हाच त्याला सोडायचं."

यात वेडंवाकडं काही नव्हतं. मैदान अवाढव्य, कोच पार सीमेबाहेर, आणि समोरचे प्रेक्षक खोट्या हाका मारण्यात पटाईत. म्हणून प्रत्येक संघाचा एक निरोप्या असतो, गुलाबी शर्ट घालून पळणारा. कोचचा शब्द पोरांपर्यंत त्याच्याच तोंडून जातो. टॅरिंगलचा निरोप्या क्लेम ग्रेट्झ, सव्वीस वर्षं हेच काम करत होता.

कोरीने त्या दिवशी काल्डरचा पार चोथा केला आणि टॅरिंगलने एकतीस वर्षांनी कप जिंकला. भोंगा वाजला आणि सगळे मैदानात धावले. रॉसही धावला, रडला, कुणाकुणाला मिठ्या मारल्या त्याचं त्याला आठवत नाही. क्लेमला कोरीकडे पाठवायचं राहून गेलं. कोण लक्षात ठेवतो? खेळ संपला की संपला, असंच कुणालाही वाटणार. संध्याकाळी क्लबात, हातात बिअर असताना, क्लेम खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आणि कप घेऊन काढलेल्या फोटोत कोरी नाही. तो वाराकिनच्या बसमध्ये चढला होता, काल्डरच्या मागोमाग.

तेव्हापासून तो तिथेच आहे. मर्लला हे सगळं ठाऊक होतं. रॉसने या गुरुवारी सकाळी काय बघितलं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"मी आज जाऊन आलो वाराकिनला," तो म्हणाला.

मर्ल वळली. "कशाला?"

"त्याला आणायला."

काल्डरने फुटबॉल सोडलं होतं आणि तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर बसत होता. रॉस पोचला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कोरी काट्याच्या खोलीबाहेर उभा होता. गुडघे थोडे वाकवलेले, वजन पंजांवर, नजर काचेआडच्या काल्डरच्या कमरेवर. अंगाने हडकला होता, पण कपडे धुतलेले होते. मागाहून कळलं की ते काल्डरची बायको धुते.

काल्डर बाहेर आला. कोरी तीन पावलं अंतर ठेवून मागे आला.

"पोलीस आले होते," काल्डर म्हणाला. "मीच परत पाठवलं. तो काही करत नाही हो. पहिले दोन महिने मला वेड लागायचं बाकी होतं. एकदा त्याला ताप आला म्हणून दवाखान्यात नेला, तर मला मागे कुणी नाही म्हणून चालताच येईना. भिंत धरून उभा राहिलो. आता असू दे."

रॉस कोरीसमोर जाऊन उभा राहिला. "कोरी, बाळा, संपलं. सोड आता त्याला. मी सांगतोय."

कोरीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "क्लेम आला नाही अजून, कोच."

"क्लेम गेला रे. वर्ष होईल आता."

"येईल," कोरी म्हणाला. आवाजात राग नाही, हट्ट नाही. "तुम्ही निरोप दिलात की येईल. तुमच्या मागेच तर उभा आहे."

रॉसने मागे वळून बघितलं नाही. सरळ गाडीत बसला आणि साठ किलोमीटर आरसा न बघता गाडी हाणली.

हे सगळं ऐकून मर्लने चष्म्याच्या काचा पुसल्या. "पोराचं डोकं फिरलंय," ती म्हणाली. "आधीपासूनच नाजूक असणार. एलीला आई-बाप आहेत, घर आहे. एलीचं तसं होणार नाही."

"कोण सांगतं?"

"मग कुणाला देतोस? वेनला? त्याचं काही झालं तर चालेल?"

मर्ल अशीच आहे, दुखतं तिथे नेमकं बोट ठेवते. रॉस उठला, अठराव्या जागेवर एलीचं नाव लावलं, आणि मग ते सरकवून डाव्या बगलेला नेलं, जिथे तो नेहमी खेळतो. चिकट्याची जागा त्याने रिकामी सोडली. "कुणीच नाही," तो म्हणाला. "त्याच्याशी सगळे मिळून खेळू. हरलो तर हरलो."

घरी जाताना गाडीत एलीने विचारलंच, "बाबा, मला का नाही? सगळे म्हणतायत की मीच पाहिजे होतो."

"सगळ्यांना काय जातंय म्हणायला."

"तुम्हाला भरवसा नाही का माझा?"

"आहे. तीच तर पंचाईत आहे," रॉस म्हणाला.

शनिवारी मैदानाभोवती गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या होत्या. गोल झाला की हॉर्न वाजवायचे, ही तिकडची टाळी. पहिल्या क्वार्टरभर वाराकिनच्याच बाजूचे हॉर्न वाजत होते. डॉरिगन लोण्यातून सुरी जावी तसा जात होता. दुसरा क्वार्टर निम्मा झाला तेव्हा टॅरिंगल पाच गोलांनी मागे होतं, आणि रॉसच्या शेजारी उभी असलेली रेनी, यंदाची निरोप्या, गावच्या शाळेतली मास्तरीण, तिसऱ्यांदा विचारत होती, "काही सांगायचंय का कोणाला?"

"नाही."

डॉरिगन पुन्हा तिघांना हुलकावणी देऊन निघाला. पुन्हा हॉर्न. रॉसचे ओठ हलले. "अरे, कुणीतरी जा रे त्याच्या मागे," तो पुटपुटला, स्वतःलाही जेमतेम ऐकू जाईल असं.

"काय म्हणालात?" रेनीने विचारलं.

"काही नाही. तू थांब इथेच."

रेनी थांबली. तिने सीमा ओलांडली नाही, हे रॉसने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पण तिकडे डाव्या बगलेला एली एकदम ताठ उभा राहिला. मान जरा कलती केली, कुणी कानाशी लागून बोलावं तशी. मग त्याने मान डोलावली, जागा सोडली, मैदान आडवं ओलांडून डॉरिगनपाशी गेला आणि तीन पावलांवर उभा राहिला. गुडघे थोडे वाकवलेले.

"रेनी, पळ. त्याला म्हणावं बगलेला जा. आत्ताच्या आत्ता."

ती पळत गेली आणि पळत आली. तिचा चेहरा उतरला होता. "मी खांद्यालाही हात लावला. ऐकत नाही. म्हणतो, कोचचा निरोप आत्ताच मिळालाय."

हाफटाइमचा भोंगा वाजेपर्यंत डॉरिगनला चेंडू एकदाच मिळाला आणि टॅरिंगलने लागोपाठ दोन गोल केले. आता हॉर्न या बाजूने वाजत होते. हाफटाइमला पोरं आपल्या खोलीत शिरली, सतरा जणं. रॉस त्यांना संत्र्यांच्या फोडींपाशी सोडून वाराकिनच्या खोलीकडे गेला. तिच्या बंद दारासमोर एली उभा होता, नजर दारावर खिळलेली.

"एली. चल."

"नाही, बाबा."

"तुला कुणी पाठवलं?"

"तुम्हीच ना. क्लेमकाका आले होते. म्हणाले, बाप म्हणतोय सातच्या मागे जा, मी येईपर्यंत सोडू नकोस." एली बोलत होता तो नेहमीच्याच आवाजात, घरी मीठ मागावं तसा. "तुम्ही म्हणाला होतात की नाही?"

रॉसने पोराचा दंड धरून ओढलं. एली हलला नाही. चार महिन्यांचा असल्यापासून ज्याला कडेवर घेऊन शेतात फिरवलं, त्या पोराला जागचं हलवणं रॉसला जमेना.

"बरं," रॉस म्हणाला. समोर कुणी नव्हतं. ओली फरशी आणि कुणाचीतरी टाकलेली पट्टी. लाज सोडून तो त्या रिकाम्या जागेशी बोलला. "क्लेम, ऐक. त्याला सांग, सोड त्याला. माझा निरोप आहे. जा, सांग."

दोघंही थांबले. एलीचा खांदा तसाच राहिला. कुणी हात लावला नाही.

"ते ऐकतायत, बाबा," एली म्हणाला. "पण निघत नाहीत."

क्लेमची एक खोड होती. रॉस रागाच्या भरात सीमेवरून काय वाट्टेल ते बरळायचा, या गाढवाला बाहेर काढ, त्याला म्हणावं घरी जा. क्लेम शांतपणे ऐकून घ्यायचा, रॉसच्या तोंडाकडे क्षणभर बघायचा आणि पोराला जाऊन भलतंच सांगायचा, की कोच खूश आहे, असाच खेळ. सव्वीस वर्षांत त्याने रॉसच्या तोंडचा शब्द कधी नेला नाही. मनातला नेला. आणि तो कधी चुकला नाही, म्हणून तर रॉसने त्याला बदलला नाही.

घंटा वाजली. दार उघडलं, वाराकिनची पोरं बाहेर पडली. सगळ्यात शेवटी डॉरिगन आला, दारातल्या एलीला बघून थबकला आणि मग खाली मान घालून चालू लागला. एली तीन पावलं मागे निघाला. बापाकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

रॉस सीमेवर येऊन उभा राहिला. त्याने मनापासून हरायचं ठरवून बघितलं. एलीचं बारसं आठवलं, एलीची आई आठवली, ती समोरच्या गाड्यांच्या रांगेत थर्मास घेऊन बसली होती आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काट्याच्या खोलीबाहेर उभा असलेला कोरी आठवला. वाराकिनला गोल होऊ दे, असं तो दात आवळून स्वतःशी म्हणाला. चारदा म्हणाला. तेवढ्यात फुलरने पन्नास मीटरवरून लाथ मारली, चेंडू मधल्या दोन खांबांतून सरळ गेला, हॉर्नचा कल्लोळ उठला, आणि रॉसची मूठ आपोआप वर गेली.

त्याने ती दुसऱ्या हाताने खाली ओढली. पुढच्या गोलला ती पुन्हा वर गेली. रेनी त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. डॉरिगन मैदानाच्या मधोमध निमूट उभा होता, त्याच्या मागे एली उभा होता, आणि चेंडू दोघांच्याही लेखी नव्हताच.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा फरक फक्त सहा गुणांचा, म्हणजे एकाच गोलाचा उरला होता, आणि रॉसला जिंकायचं होतं.