नाबोर माल्पिकाला ग्रंथालयातून बाद केलं त्याची हकिकत

तेपेतलाच्या तुरुंगाचं ग्रंथालय करायचं ठरलं, तेव्हा सगळे कैदी गाडीत घालून शहरातल्या नव्या तुरुंगात नेले. राहिला एकटा नाबोर माल्पिका. त्याची फाइल सापडेना. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "कागद नाही, तर माणूस नाही," आणि दार आपटून निघून गेला.

ओदिलिया पुस्तकांच्या खोक्यावर बसून हे पाहत होती. ग्रंथपालाची नोकरी तिला मिळाली ती पाद्रीबाबांच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक वाचलेली गावात ती एकटीच, म्हणून. त्याआधी ती शाळेचे गणवेश शिवायची.

इमारतीला अशा बदलांची सवय होती. आधी ती तंबाखूची वखार होती, मग घोडदळाची पागा, मग तुरुंग. हवा दमट झाली की तिन्हींचे वास थराथरानं वर येत. वारसा खात्याची अट एकच होती: वापर खुशाल बदला, पण इमारतीत जे मूळचं आहे ते यादी करून नव्या संस्थेच्या ताब्यात द्या, आणि त्या संस्थेच्या नियमाबाहेर त्यातला खिळाही हलवू नका. तुरुंगाच्या कारकुनानं इमानदारीनं यादी केली. दारं चौदा, लोखंडी जाळ्या नऊ, पितळी घंटा एक, कैदी एक. नगराध्यक्ष एवोदियोंनी न वाचता सही ठोकली. न वाचता सही करणं हीच त्यांची ख्याती होती, लोक त्यासाठीच त्यांना निवडून देत.

नाबोरचा गुन्हा म्हणाल तर त्यानं गावच्या बँडातला सगळ्यात मोठा भोंगा भंगारात विकला होता. भोंगा वाजवणारा त्याचा मेहुणा ऐन दुपारी, लोक जेवून लवंडले की रियाज करायचा. शिक्षा चार वर्षांची. ती ग्रंथालय उघडल्यावर दोन वर्षांनी संपली. पण सुटकेच्या कागदावर तुरुंगाधिकाऱ्याची सही लागते, आणि तुरुंगच नाही म्हटल्यावर तुरुंगाधिकारी कुठून आणणार?

ओदिलियानं राजधानीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: "सदर वस्तू चल आहे की अचल?"

"काय कळवू हो, नाबोरराव?"

"डावा गुडघा जरा धरतो," नाबोर म्हणाला, "पण चल लिहा."

मग शेवटचं पत्र आलं. वस्तू चल असल्यानं तिची व्यवस्था पुस्तकांप्रमाणे, ग्रंथालयाच्या नियमांनी करावी.

ओदिलियानं नियमांची पुस्तिका उघडली, आणि नाबोरचं कार्ड केलं. नोंद क्रमांक एक. मुदत पंधरा दिवस. नेणारा गावातला रहिवासी हवा आणि त्याला दोन जामीन हवेत. तारखांची चिठ्ठी नाबोरच्या सदऱ्याच्या खिशाला टाचली. पहिल्यांदा त्याला विधवा हेनोवेवाबाईंनी नेलं, छप्पर शाकारायला. मग नगराध्यक्षांनी नेलं, डुक्कर भाजायचा खड्डा खणायला. मग डॉमिनोवाल्यांचा चौथा गडी वारला, तेव्हा त्यांनी नेलं. दोन वर्षांत ग्रंथालयातली सगळ्यात जास्त मागणी त्याला. नावनोंदणीची रांग घंटेपर्यंत जायची. इतर वेळी तो तीन नंबरच्या कोठडीत झोपायचा, 'शेती व पशुपालन' या फळीखाली.

आणि मग बंदरावरून त्याच्या मुलीचं, सेलेरिनाचं पत्र आलं. सोबत फोटो. "बाबा, मुलगी झाली. नाक तुमचंच आहे, बिचारीचं. अंगणाकडच्या खोलीत तुमची खाट टाकलीय. कायमचे या."

नाबोरनं तो फोटो चिठ्ठीच्या मागं टाचला आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही. हेनोवेवाबाईंनी तक्रार केली, म्हणाल्या, कोरंच दिलंत हो मला या खेपेला.

"पळून का जात नाही?" ओदिलियानं एकदा हळूच विचारलं.

"मी सरकारी माल आहे, ओदिलियाबाई. चोरीचा माल बाळगला म्हणून पोरीला धरतील. वर ज्याच्या नावावर मी असेन त्याचं कार्ड जाईल ते वेगळंच."

खरंच होतं ते. सेलेरिना परगावची, तिला तो नेता येत नव्हता. ओदिलियानं पुस्तिका पुन्हा चाळली. शेवटच्या पानावर, वाळवीनं अर्धा खाल्लेला नियम सापडला: सलग बारा महिने कुणीही न नेलेली वस्तू तपासनीस बाद करू शकतात.

तिनं गावाला बोलावून नियम वाचून दाखवला.

"वर्षभर कुणीच न्यायचं नाही?" हेनोवेवाबाई ओरडल्या. "आणि माझं छप्पर?"

"तुमचं छप्पर नऊ वेळा झालंय, हेनोवेवाबाई. आता ते छप्पर राहिलं नाही, निमित्त झालंय."

लोक हसले, बाई लाल झाल्या, पण हात सगळ्यांनी वर केले. नाबोर खाली बघत सदऱ्याचं बटण फिरवत होता.

ते वर्ष गावाला जड गेलं. पण तेपेतलाची माणसं नियम मोडत नाहीत, नियमाच्या कडेनं चालतात. वाचनालयात बसून वाचलेलं रजिस्टरात चढत नाही, हे आठवड्याभरात सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग काय! डॉमिनोचं टेबल वाचनकक्षात आलं. सोंगट्या आवाज नको म्हणून फडक्यावर मांडत, आणि जिंकणारा कुजबुजत जिंकायचा. नगराध्यक्षांनी मुलाच्या लग्नाआधी टोपीत खड्ड्याच्या जागची माती भरून आणली. नाबोरनं ती हुंगली, चिमटीत चोळली.

"ओल फार आहे. दोन हात अलीकडे खणा."

"चक्कीजवळ?"

"शूऽऽ," ओदिलिया म्हणाली.

कुणी वासरू आणलं, कुणी बिघडलेलं शिलाईयंत्र. हेनोवेवाबाईंनी तर आख्खं छप्परच आणायचं मनात आणलं होतं, शेवटी चार कौलं घेऊन आल्या आणि तासभर त्याला ती दाखवत बसल्या. ओदिलिया दुपारी किटलीत कॉफी आणायची, दालचिनी घातलेली. एक कप आपला, एक नोंद क्रमांक एकचा. हे मात्र पुस्तिकेत कुठंच नव्हतं.

वर्ष संपायला एक दिवस उरला. उद्या तपासनीस बाई येणार होत्या. ओदिलियानं रजिस्टर साफ केलं, पेन्सिलींना टोकं काढली, नंतर कशी कोण जाणे एक कोरं कार्ड समोर घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. तारखेचा शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

नाबोर कौलं रचत होता. वळून बघितलं त्यानं.

"कशासाठी?"

"स्वयंपाकघराचं दार अडतं माझं."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"मग बोलला नाहीत कधी?"

"रांग मोठी होती."

तो जवळ आला. खिशाची चिठ्ठी सोडवून त्यानं टेबलावर ठेवली, नातीचा फोटो खाली, तारखा वर. शेवटच्या शिक्क्याला उद्या वर्ष होत होतं.

"मारा," तो म्हणाला. "तुमच्या दारापायी आणखी एक वर्ष काढीन मी. खरंच सांगतो."

ओदिलियाला ते खरं वाटलं, आणि तीच पंचाईत होती. खोटं वाटतं तर तिनं रागानं शिक्का मारलाही असता. तिनं चिठ्ठी उलटी केली. त्या बाळाचं नाक खरोखरच फार मोठं होतं. हातातला शिक्का कुठं तरी मारायलाच हवा होता, म्हणून तिनं तो स्वतःच्या तळहातावर मारला आणि मूठ मिटली.

"जा, कौलं आवरा. उद्या पाहुण्या येणार, आणि इथं छप्पर पसरलंय."

तपासनीस बाई तरुण होत्या. त्यांनी चष्मा लावून नाबोरला पुढून-मागून तपासलं.

"पानं गळाली आहेत?"

"तीन दाढा," नाबोर म्हणाला.

"बांधणी?"

"गुडघा धरतो."

"बारा महिन्यांत मागणी शून्य," त्यांनी रजिस्टर मिटलं. "लोकांची आवड बदलते, काय करणार. बाद!" त्यांनी लाल शिक्का चिठ्ठीवर मारला. ओदिलियाचा श्वास सुटतो न सुटतो तोच त्या पुढं म्हणाल्या, "नियमानं बाद वस्तू दारातल्या टेबलावर ठेवायची. फुकट. पहिला हात लावील त्याची. मला तसं पाहून सही करायची आहे."

"पण त्याची मुलगी... म्हणजे वस्तूची मुलगी दुपारच्या बसनं येतेय."

"मग बघा तुमचं नशीब."

नाबोरला दारातल्या टेबलावर बसवलं. एका बाजूला टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या, दुसऱ्या बाजूला 'कॉफीवरील कीड व रोग', भाग दुसरा. गळ्यात पाटी: 'मोफत. न्यावे.' बस यायची होती दोनला. दोन वाजले, अडीच वाजले. घाटात दरड आली होती म्हणे.

गाव मात्र जमलं. निरोप द्यायला आलेली माणसं ती, सवयीनं मिठी मारायला पुढं व्हायची, आणि ओदिलिया ओरडायची, "हात! हात मागं!" ज्याचा हात लागेल त्याच्या घरी तो कायमचा जाणार होता. मग एकेकानं हात पाठीमागं बांधले. सगळं तेपेतला ग्रंथालयाच्या दारासमोर हात मागं बांधून उभं राहिलं, आपणच कैदी असल्यासारखं. डॉमिनोवाल्यांनी मान लववून निरोप घेतला. नगराध्यक्षांच्या डोळ्याला पाणी आलं, पण पुसायला हात पुढं आणायची त्यांची हिंमत होईना. हेनोवेवाबाई सगळ्यात जवळ उभ्या होत्या. त्यांनी एकवार आपल्या छपराच्या दिशेनं पाहिलं, दोन्ही हात शालीत गुंडाळून गच्च गाठ मारली, आणि दुरूनच हवेत मुका घेतला.

"गळू दे," त्या म्हणाल्या. "बादल्या आहेत घरी."

ओदिलिया टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी उभी होती. तिच्या हातापासून त्याची बाही टीचभर होती. तिनं मूठ उघडलीच नाही.

चार वाजता बस आली. सेलेरिना मुलीला कडेवर घेऊन धावत आली, पण तिनं काही करायच्या आत त्या कारटीनंच वाकून आजोबांची मिशी धरली आणि सोडीचना.

"नेली," तपासनीस बाईंनी सही केली. "वस्तू गेली."

मग जो गलका झाला! मागं बांधलेले सगळे हात एकदम सुटले. हेनोवेवाबाईंची गाठ सुटेना, त्या तशाच शालीसकट त्याच्यावर आदळल्या.

बसनं भोंगा वाजवला तेव्हा ओदिलिया आत आपल्या टेबलाशी बसली होती. नाबोर दारातून आला. हातात 'कॉफीवरील कीड व रोग', भाग दुसरा.

"ते फुकट आहे," ती म्हणाली. "तसंच न्या."

"फुकट नको. नोंद करून पाहिजे."

"तुम्ही सहा वर्षांत एक पान वाचलं नाहीत."

"म्हणून तर. मुदत किती?"

"पंधरा दिवस. पण परगावच्यांना देत नाही आम्ही. रहिवासी हवा. पत्ता?"

"कोठडी क्रमांक तीन."

ओदिलियानं वर न बघता तो लिहून घेतला. जामीन म्हणून एक नाव स्वतःचं टाकलं, दुसरं हेनोवेवाबाईंचं.

"पंधराव्या दिवशी येईन," नाबोर म्हणाला. "येताना रंधा आणू?"

"आणा. बिजागरीही बघावी लागेल," ओदिलिया म्हणाली, आणि शिक्का उचलला. तेव्हा कुठं त्याला तिच्या तळहातावरची कालची तारीख दिसली.