पिवळं कोण?

मी एक जुना कॉलम आहे. चाकणच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, खालच्या ड्रॉवरमध्ये असतो. मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

मी वीतभर पोलादी नळी. आत पिठाहून बारीक वाळू ठासलेली आणि तिच्या कणाकणावर अठरा कार्बनांच्या साखळ्या, केसांसारख्या. म्हणून मला सी-एटीन म्हणतात. औषधाचा थेंब माझ्यातून जाताना तेलकट पदार्थ या केसांत रेंगाळतात, बाकीचे पुढे निघतात. जो पदार्थ बाहेर पडेल त्याचा संगणकाच्या पडद्यावर एक डोंगर उठतो.

प्रयोगशाळेचे प्रमुख हिंदुराव प्रत्येक नव्या औषधासाठी आधी मलाच यंत्राला जोडत. बहुतेकदा तेवढ्यावरच भागे. खंडेनवमीला माझ्यावर कुंकवाचं बोट उमटे. मी फुशारून जाई, हे कबूल करतो.

मग लहान मुलांचं तापाचं सिरप आलं. औषध उष्णतेनं बिघडतं का ते पाहायला एक बाटली महिनाभर तापत्या कपाटात ठेवून तपासली. माझ्यावर एकच डोंगर उठला, सरळ, देखणा; म्हणजे आत औषधाखेरीज काही नाही.

"झालं. हीच पद्धत कायम करा," हिंदुराव म्हणाले.

त्यांच्या हाताखालची दिव्या पडद्यासमोरून हलली नाही. तिनं बाटली उजेडात धरली. "सर, सिरप पिवळं पडलंय. डोंगर एकच आहे, तर मग हे पिवळं कोण?"

"अगं, ह्याच्यावर चार औषधं पास केलीत मी. आता ह्याची उलटतपासणी घेणार का तू?"

"ह्याची नाही सर. शेजारच्याची घेते."

शेजारी फिनाइल जातीचा दुसरा कॉलम धूळ खात पडला होता. त्याच्या कणांवर केसांच्या टोकांना कड्या आहेत; त्यांना तेलकटपणापलीकडचा फरकही कळतो. तिनं तो जोडला. दोन डोंगर उठले.

औषध आणि ते पिवळं, दोघं सारखेच तेलकट होते. माझ्यातून एकमेकांना बिलगून गेले आणि मला चाहूलही लागली नाही. मुलांच्या पोटात गेलं असतं ते दुसरं, माझ्यातून जाऊनही मला दिसलं नव्हतं.

हिंदुरावांनी बाटली स्वतः उजेडात धरली. मग हळू म्हणाले, "दिव्या, माझ्या त्या चार जुन्या फायली काढ गं."

मित्रांनो, काम झालं की मला धुऊन, टोकं बंद करून ठेवा. आत द्रावणातलं मीठ साचलं की मी संपतो. पण माझ्यावर माया केलीत तरी माझ्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नका.

फायली समोर उघड्या आहेत. पानापानावर एकेकटा, देखणा डोंगर. प्रत्येकामागे कुणीतरी उभं आहे, असं मला वाटत राहतं.