जावांचं विरजण

गल्लीच्या टोकाला दोन जावांची बेकरी होती. त्यांचा पाव विरजणावर फुगायचा. विरजणाचा जोर असा, की मळलेल्या पिठाच्या पातेल्यावर पाटा ठेवावा लागे. एकदा पाट्यावर मांजर बसलं असताना पीठ फुगलं आणि पाटा, मांजर दोन्ही माळ्याला टेकली. मांजर उतरवायला शिडी लावली. ती मीच धरली होती, म्हणून सांगतो.

जावांचं आपसांत बोलणं नव्हतं. भट्टीच्या झाडूवरून बिनसलं होतं म्हणे. मध्ये थोरलीचा नवरा बसायचा. त्याला गल्ली दादा म्हणे. सगळा कारभार त्याच्यामार्फत.

"अहो, तिला म्हणावं, पीठ सैल झालंय."

"भाऊजी, त्यांना म्हणावं, पीठ नव्हे, जीभ सैल झालीये."

रोज चमचाभर दही उद्याच्या दुधासाठी मागे ठेवायचं, हा बेकरीचा नेम. त्या सकाळी थोरलीला वाटलं धाकटीने ठेवलं, धाकटीला वाटलं थोरलीने. विचारायचं तर दादामार्फत. आणि दादा उरलेल्या दह्याचं ताक करून पिऊन मोकळा झाला होता. गाडगंसुद्धा विसळून पालथं घातलं. गुणाचा माणूस.

विरजण गेलं म्हणजे बेकरी गेली. दुसऱ्या दिवशी शेजारचं दही आणून पाहिलं. पाव असा बसला की सुताराने दोन मागून नेले, दाराला अडकण म्हणून. गिऱ्हाइकं रिकाम्या पिशव्या हलवत परतली. सासऱ्यांच्या हातचं विरजण ते. थोरलीने डोळ्याला पदर लावला.

"अहो, तिला सांगा, भट्टी विझवायची."

दादा सांगायला वळला. धाकटी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. भांडी विसळणाऱ्या दादाने स्वतःचं तोंड मात्र विसळलं नव्हतं. झुपकेदार मिशीत कालचं ताक वाळून बसलं होतं.

"भाऊजी, पुसू नका!"

दूध कोमट केलं. दादाला बाकावर पालथं झोपवून मिशी पातेल्यात सोडली.

"अहो, तिला म्हणावं, डोकं घट्ट धर."

दादाने निरोप सांगितला. दुधात नुसते बुडबुडे आले.

"अगं, कान धर त्यांचा, कान!" थोरली ओरडली.

"थोरल्या दिराचा कान कसा धरू, जाऊबाई?"

"मी सांगतेय ना!"

"मग तुम्ही आधी मानेवरचं कोपर काढा. जीव जाईल त्यांचा."

"नाक बाहेर आहे. काही होत नाही."

दही लागलं. इतकं घट्ट की दादाला उलथन्याने सोडवावं लागलं. पाव फुगला, गिऱ्हाईक परत आलं. आता जावा एकमेकींशीच बोलतात. पहाटे सुरू होतात, त्या थांबतच नाहीत.

दादाला मध्ये बसायचं काम उरलं नाही. परवा वेळ जाईना म्हणून मिशी उतरवायला न्हाव्याकडे निघाला, तर आतून दोघी एका सुरात म्हणाल्या, "बसा खाली."