लोणीवालीचा चेहरा

आमच्या चर्चच्या छतावर, आतल्या बाजूला, पाचशे वर्षांपूर्वी रंगवलेला एक सैतान आहे. एक बाई घुसळून लोणी काढतेय आणि हा मागून तिला मदत करतोय. चुन्याखालून हे चित्र निघालं तेव्हा बाईचा चेहराच गेलेला होता. सत्तर वर्षांपूर्वी डागडुजीला आलेल्या रंगाऱ्याला ती मोकळी जागा बघवेना. त्याने डेअरीतल्या डॅग्नीचा चेहरा तिथे रंगवला, तिला न विचारता. गाव तिला मरेपर्यंत 'सैतानाची लोणीवाली' म्हणालं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे देव न मानणारेसुद्धा येतात, पण डॅग्नी तेव्हाही घरी बसायची. त्या मेल्या रंगाऱ्याचा मला अजून राग येतो.

मी इथली राखणदार. चित्रात नंतर घातलेली सगळी भर काढायचं ठरलं, तेव्हा मीच डॅग्नीच्या मुलीला, आस्ताला, फोन केला. तिने या दिवसाची जन्मभर वाट पाहिली होती. आईमुळे तिनेही इथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

ती सकाळी आली. परांचीवर बसलेले विलाड्स कॉफी पीत होते. जुनी चित्रं साफ करणं हे त्यांचं काम. मी आस्ताच्या हातात आरसा दिला, म्हणजे छत बघताना मान दुखत नाही.

ती बराच वेळ आरशात बघत राहिली.

"अगं, ही तर हसतेय," ती म्हणाली. "आई फोटोला उभीच राहायची नाही. मी तिला अशी कधी बघितलीच नाही."

मला वाईट वाटलं. कशाला बोलावलं हिला, असं झालं.

"विलाड्स, असं करा ना," आस्ता म्हणाली, "हिला ठेवा आणि त्या सैतानाला पुसा."

"अहो आस्ताबाई, तो पाचशे वर्षांचा आहे. त्याला हात लावला तर नोकरी जाईल माझी. तुमच्या आई कालच्या."

"वा! म्हणजे सैतानाला कायदा आणि माझ्या आईला काही नाही!"

"मी फोटो काढते," मी म्हटलं.

"फोटोत तोही येईल." तिने आरसा मला परत दिला. "नको. इतकी वर्षं त्याच्याजवळ बसवली, पुरे झालं. मला वर न्या. मीच पुसते."

आम्ही दोघांनी तिला धरून वर नेलं. विलाड्सनी ओला कापूस दिला आणि कसं टिपायचं ते दाखवलं. तिने कपाळापासून सुरुवात केली, हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. ओठांपाशी जरा थांबली, मग तेही पुसले. खाली नुसता पांढरा गिलावा उरला.

विलाड्सनी रंग लागलेल्या कापसासाठी डबा पुढे केला. तिने तो कापूस डब्यात टाकला नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली आणि म्हणाली, "चल गं आई, घरी."