विलायतेची सोयरीक

रुख्मिणीला विलायतेत नर्सची नोकरी मिळणार, ही बातमी वडनेरात पोचली तेव्हा लोकांनी तिच्या बापाला, इंद्रभानला, भर बाजारात वांग्यांच्या पाटीपुढे गाठलं.

"काय बा इंद्रभान, आता तुह्या वांग्याले विलायतेची राणी गिऱ्हाईक!"

इंद्रभान हसला आणि त्या दिवशी ज्याला त्याला मापावर दोन वांगी जास्तच टाकत राहिला.

रुख्मिणी जिल्ह्याच्या दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डात नर्स होती. सुटीवर आली तेव्हा अंगणात बसून तिनं सगळं समजावून सांगितलं. विलायतेत आता कुणालाही सरसकट शिरू देत नाहीत. एक तर तिथल्या मालकानं नावानिशी बोलावलेलं असावं, नाही तर तिथं हवी असलेली विद्या हातात असावी. नर्सना ही दुसरी वाट मोकळी होती. तिला कामाचं व्हाउचर, म्हणजे तिथं येऊन काम करायचा परवाना, मिळालं होतं. सहा महिन्यांच्या आत निघायचं. आता राहिला पासपोर्ट, त्यासाठी पोलीस गावात चौकशीला येणार होता, आणि राहिला छातीचा फोटो.

"छातीत डाग निघाला तं?" इंद्रभाननं विचारलं.

"मंग नाही जाता येत, बाबा."

तंबाखू मळत बसलेले तिचे चुलते, कडूबाकाका, म्हणाले, "म्हंजे सोयरीकच झाली म्हना! पोरगी पाह्यतीन, घरानं पाह्यतीन. हुंडा तेवढा उलटा देतीन."

सगळे हसले. इंद्रभान उठून गोठ्यात गेला.

पुढच्या खेपेला ती आली तर बाबा मळ्यातच राहायला गेलेले. डुकरं लय झाली, असं माय म्हणाली. रुख्मिणी मळ्यात गेली. तिला पाहताच इंद्रभाननं पाटापलीकडूनच हात वर केला.

"तिथूनच बोल. पानी सोडलं हाय, चिखल हाय."

त्याचा आवाज बसलेला होता. चिखलाला ती कधी भ्यायली होती? तिला वाटलं, आपलं जाणं ह्यांच्या मनात नाही.

"बाबा, तुमच्या मनात नसंल तं राहू दे जाणं."

"जाय म्हनलं ना!" तो खेकसला आणि पाठ फिरवून वाफ्यात वाकला.

तिला ते लागलं. दोन महिने ती गावाकडे फिरकली नाही. मग तार आली ती तो गेल्याची. ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. ताप होता, असं सगळे सांगत होते.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा माय चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "तापानं नाही गेले ते. खोकल्यातून रक्त पडे."

रुख्मिणी तिच्याजवळ सरकली. "कवापासून?"

"होळीपासून."

"आन मले सांगतलं नाही? माय, त्याच दवाईच्या सुया रोज माह्या हातात रायतात!"

"शपथ घातली होती मले. म्हने, माह्या बहिनीची, बेबीताईची, सोयरीक काऊन मोडली? घरात आमचे आबा खोकलत. पाहुने गावात इचारून गेले, पुन्हा आले नाही. इथं तं सरकारच इचारासाठी येनार. दवाखान्यात माह्यं नाव लागलं का पोरीचं कटलं. आन मी लांब राह्यलो तं तिची छाती साफ राहीन."

"पोलीस आला होता ना? काय इचारलं त्यानं?"

"शेजारच्या पुंजाजीच्या ओट्यावर बसला. पोरीवर कोर्टकचेरी हाय का म्हने. चहा पेला, गेला."

"बाबाचं?"

"काहीच नाही. मी मळ्यात जाऊन सांगतलं तं हसले. म्हने, पाह्य, माह्यं नावच निघालं नाही."

रुख्मिणीच्या डोळ्यांपुढे वॉर्डातली खाटांची रांग आली. तिथली बरीच माणसं उपचार पुरे करून स्वतःच्या पायांनी घरी जात. जाताना तिला आंबे, शेंगा, असलंच काही आणून देत.

"मळ्यात भाकर कोन नेत होतं?" तिनं विचारलं.

"मीच. दुसरं कोन हाय?" माय म्हणाली. "तू जाशीन ना पन?"

"आधी तुह्या छातीचा फोटो."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोटारीनं ती मायला घेऊन निघाली. दवाखान्याच्या खिडकीशी रांग होती. त्यांची पाळी आली तशी मायनं तिचा हात ओढला आणि कानाशी कुजबुजली, "दुसरं नाव सांग पोरी. गावही सांगू नको. तुह्यं जानं अडन."

"कौशल्याबाई इंद्रभान," रुख्मिणी कारकुनाला म्हणाली. "राहणार वडनेर. माझी आई."

कारकून तिच्या ओळखीचा होता. त्यानं भराभर लिहून घेतलं.

"घरात आणखी कुणाला खोकला, सिस्टर?"

"वडिलांना होता."

"मग त्यांनाही आणायचं की बरोबर," मान वर न करता तो म्हणाला.