बर्लिनचा पगार, सांगोल्याच्या शेळ्या

दिग्विजय पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजर होता. म्हणजे नेमकं काय, ते जुळे सोलापुरातल्या त्याच्या घरी अजून कुणाला कळलं नव्हतं. वडील हिंदुराव एसटीत कंट्रोलर होऊन रिटायर झालेले. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "मॅनेजर हाईस, मग हाताखाली माणसं किती?"

"एकपण नाही."

"मग मॅनेज कुणाला करतोस?"

"सगळ्यांनाच, आबा. फक्त माझं ऐकायची कुणावर सक्ती नसते."

हिंदुरावांनी पुन्हा विचारलं नाही. घरात त्यांचीही तीच पोस्ट होती.

आता त्याला बर्लिनहून नोकरी आली होती. वर्षाला बहात्तर हजार युरो. हो की नाही, ते आज दुपारी चारच्या कॉलवर सांगायचं होतं, म्हणून तो सोलापूरला घरी आला होता. दिग्विजयला जायचंच होतं. त्यासाठी त्याने अकरा देशांचं एक्सेल केलं होतं: पगार, टॅक्स, घरभाडं, दूध, केस कापायचा खर्च. हिंदुरावांनी ते दोन मिनिटं बघितलं.

"केस कापायला तीस युरो? टक्कल केलं तरी परवडंना की हे." मग चष्मा काढून म्हणाले, "आकडा कितीबी मोठा असू दे. त्यात येतं काय, ते सांग. तितं हितल्यापेक्षा जास्त येत असंल तर जा. बरोबरी असंल तर गप पुण्यात राहा."

"काय येतं म्हणजे?"

"सिद्धनाथला बोलीव."

सिद्धनाथमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सांगोल्याच्या बाजारात तीस वर्षं शेळ्यांचा दलाल. घरात फ्रिज आला तेव्हा तो दीड शेळीला पडला, हे मामानेच सांगितलं होतं. बाराच्या गाडीनं तो आला, एक्सेल वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ह्यात शेळी कुटं हाय?"

नव्हती. मग मामाने हिशोब हातात घेतला. पुण्यात भाडं, खाणं जाऊन महिन्याला दीड लाख उरतात. सांगोल्यात चांगली शेळी दहा हजाराला. म्हणजे पंधरा शेळ्या. बर्लिनमध्ये टॅक्स, भाडं, विमा जाऊन सोळाशे ऐंशी युरो उरणार. पण बर्लिनच्या शेळीचा भाव कुणाला माहीत?

दिग्विजयने बसूला फोन लावला. बसू अक्कलकोटचा, याचा कॉलेजचा मित्र, तीन वर्षं बर्लिनमध्ये. त्याने गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याला विचारून अर्ध्या तासात कळवलं.

"एकशे वीस युरो. पण तो विचारत होता, बांधणार कुठं. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर. त्यानं फोन ठेवला."

"शेळीला चालतंय की तिसरा मजला," मामा म्हणाला. "ती चढती." मग बोटं मोजून म्हणाला, "चौदा."

"हितं पंधरा, तितं चौदा," हिंदुराव म्हणाले. "संपला विषय."

"थांबा की दाजी. अजून भाव कुटं झालाय?"

चार वाजले. लॅपटॉपवर क्राउझे बाई आल्या, बर्लिनच्या कंपनीच्या एचआर. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या दाक्षायणीकाकू विरजण मागायला आल्या आणि वाटी घेऊन सोफ्यावर बसल्याच. मामा अस्वस्थ झाला. बाजारात चार माणसांसमोर भाव उघड बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचं. तीस वर्षांची सवय. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दिग्विजयचं डोकं, लॅपटॉप आणि स्वतःचा हात, सगळं त्याखाली घेतलं.

बर्लिनमध्ये अंधार झाला.

"दिग्विजय, तुम्ही आहात ना?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"आहे," दिग्विजय म्हणाला. तो पुढं काही बोलणार तेवढ्यात मामाने त्याची बोटं अशी आवळली की शब्द घशातच राहिला.

"बहात्तर हजार आम्हाला योग्य वाटतात," बाई म्हणाल्या.

अंधार. टॉवेलाला शेळ्यांचा वास होता. दिग्विजयने श्वास रोखून धरला.

"तुमचा विचार चाललाय, समजू शकते."

अंधार.

"पंच्याहत्तर?"

मामाला इंग्रजी येत नव्हतं, पण कुठल्याही भाषेतला आकडा त्याला कळायचा. त्याने करंगळी दाबली. म्हणजे, अजून एक शेळी. बाहेर आई, विजयमाला, हळूच विचारत होती, "अवो, गुदमरतील की दोघं." त्यावर हिंदुराव म्हणाले, "गप. भाव चाललाय."

मिनिटभर कुणी बोललं नाही.

"अठ्ठ्याहत्तर," क्राउझे बाई म्हणाल्या. "याच्यावर मला जाता येणार नाही. आणि खरं सांगू? आमचे प्रॉडक्ट मॅनेजर मीटिंगमध्ये बोलतच राहतात. इतकं शांत ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

बघत तर त्या काहीच नव्हत्या. मामाने बोटं सोडली. दिग्विजय घाईने "हो" म्हणाला आणि कॉल संपला.

टॉवेल निघाला. दिग्विजय घामाने भिजला होता.

"मी काही ऐकलं नाही हं," दाक्षायणीकाकू म्हणाल्या. "पण अठ्ठ्याहत्तर कशाचे?"

मामाने हिशोब लावला. वाढलेल्यातलं निम्म्याहून जरा जास्तच टॅक्समध्ये गेलं, तरी महिन्याला एकोणीसशे वीस उरत होते. "सोळा."

"तितं सोळा, हितं पंधरा," हिंदुराव म्हणाले. बोललेला शब्द त्यांना मोडता येईना. "जा मग."

दिग्विजय पाया पडायला वाकला, तेवढ्यात मामा टॉवेल झटकत म्हणाला, "दलालीची एक शेळी माझी."

हिंदुराव ताठ बसले. "मग राहिल्या किती? पंधरा. बरोबरी झाली."

काकूंच्या वाटीतलं विरजण तिथंच घट्ट व्हायला लागलं.

"दलाली एकदाच असती, दाजी," मामा चाचरत म्हणाला. "पयल्या म्हैन्याचीच."

"असं हाय व्हय," हिंदुराव म्हणाले. "मग पयला म्हैना हितंच काढायचा. म्होरच्या म्हैन्यापास्नं जायचं."

पुण्याच्या कंपनीत दोन महिन्यांचा नोटीस पिरियड होता. दिग्विजयला तसंही लगेच निघता येणार नव्हतं. पण तो आजच गप्प बसायला शिकला होता.

"बरं आबा. तुमच्यासाठी दोन महिने काढतो."

हिंदुराव मामाकडं बघून हसले. घरात कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं, तेही दुप्पट.