इन्स्पेक्टरचा फाटका शर्ट

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याचे सगळे गणवेश मी शिवते. एकवीस वर्षं झाली. कुणाचं पोट किती सुटलंय, कुणाचा डावा खांदा खाली आहे, सगळं मला तोंडपाठ. नवरा काज-बटणं आणि इस्त्री बघतो, आणि मधूनमधून मला अक्कल शिकवतो. सगळी कामं सारख्याच आळसाने.

त्या सोमवारी सकाळी इन्स्पेक्टर शर्ट घेऊन आले. खिसा एका बाजूने लोंबत होता, खालचं कापडही चिरलं होतं.

"मोटारसायकलच्या हँडलला अडकला, मावशी," म्हणाले.

मी खिसा जागेवर बसवला आणि पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. मशीनवर घेताना कापड सरकू नये म्हणून घालतात, नंतर काढून टाकायचे असतात. पक्की शिलाई दुसऱ्या दिवशी मारणार होते. पण मंगळवारी दुकान उघडतेय तोच साहेब दारात हजर. "राहू द्या. आहे तसाच द्या." दिला. मला काय, एक काम कमी झालं.

दुपारी कळलं की वायरमनला पकडलं.

वायरमन म्हणजे माझ्या मैत्रिणीचा मुलगा. तिची-माझी तीस वर्षांची मैत्री. दुकानातला पंखासुद्धा त्यानेच बसवलेला. सोमवारी संध्याकाळी चौकात इन्स्पेक्टरने एका म्हाताऱ्या फळवाल्याच्या दोन मुस्कटात मारल्या. वायरमन समोरच होता, त्याने मोबाइलवर ते टिपलं. मोबाइल इन्स्पेक्टरने हिसकावला, तो आजतागायत कुणाला सापडलेला नाही. आणि वर तक्रार काय, तर या पोराने ड्युटीवरच्या अधिकाऱ्यावर हल्ला केला, अंगावरचा गणवेश फाडला. पुरावा म्हणून फाटका शर्ट जमा.

अरे वा! माझ्याच दुकानातून गेलेला शर्ट! सोमवारी संध्याकाळी तर तो माझ्याच मशीनवर पडून होता!

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने इस्त्रीवरून मानसुद्धा वर केली नाही. "गप्प बस. ठाण्याचं काम तर जाईलच. पण उद्या आपल्या घरात येऊन त्यांनी काही 'शोधून' काढलं, तर कुणाकडे जाशील?"

मी त्याला भित्रा म्हटलं, बुळा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. आणि मग त्याने सांगितलं तसंच केलं. गप्प बसले.

पोराला जामीन मिळेना. त्याची आई तुरुंगात त्याला भेटून आली की थेट माझ्याकडे यायची आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून रडायची. मी चहा करायचे. मागे भिंतीवर गणवेश टांगलेले असायचे, म्हणून ती स्टूल फिरवून त्यांच्याकडे पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "यांचे कपडे शिवताना तुझे हात कसे चालतात गं?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. तुझं पोट आहे त्यावर. तुझा काय दोष?"

चौथ्या महिन्यात ती एक कागद घेऊन आली. वकिलाने दिलेली, पुराव्यातल्या शर्टाच्या फोटोची प्रत.

"तुला कापडातलं कळतं. बघ ना, हा पांढरा दोरा कसला आहे?"

मी बघितलं. कुणीतरी वरचे टाके ओढून काढले होते आणि खिसा पुन्हा लोंबता केला होता. खालचे चार टाके तसेच राहिले होते. मी डावरी आहे, माझे टाके दुसऱ्यांच्या उलट बाजूला कलतात. माझे टाके मी कुठेही ओळखेन.

"दोरा निघाला असेल," मी म्हटलं. "जुनं कापड आहे."

"हो का? बरं." तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. एका शब्दाने पुढे विचारलं नाही. मी सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी ठाण्यातली एक पोलीसबाई पँट सैल करून घ्यायला आली. म्हणाली, "मावशी, साहेबांचा नवा गणवेश लवकर द्या हं. शौर्याचं पदक मिळतंय त्यांना. त्या हल्ल्यात जखमी झाले ना."

"कुठे जखम झाली?"

"खिशाला!" म्हणाली आणि फिस्सकन हसली. मग दाराकडे बघून घाईघाईने पँटचं माप दिलं.

म्हणजे तिलाही माहीत होतं. अख्ख्या ठाण्याला माहीत होतं! सगळे मापं द्यायला येत होते, हसत होते, आणि पोर आत सडत होतं. आणि त्या सगळ्यांत मीही होते. माझं डोकंच फिरलं. ती गेल्यावर गळ्यातली टेप काढून टेबलावर टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "मी वकिलाकडे चाललेय. अडवलंस तर याद राख." त्याने अडवलं नाही. छत्री दिली. ऊन होतं.

कोर्टात मला सुई-दोरा आणि कापड दिलं. सगळ्यांसमोर मी टाके घातले. न्यायाधीशबाईंनी शर्ट आणि कापड शेजारी शेजारी ठेवून, भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. इन्स्पेक्टर छताकडे बघत होते. छताला काहीही नव्हतं.

सरकारी वकील उठले. "पाच महिने तुम्हाला हे माहीत होतं. मग पोलिसांकडे का गेला नाहीत?"

"कुणाकडे?" मी म्हटलं. "शर्ट घेऊन आलं कोण होतं, साहेब?"

लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. उत्तर त्यांना पटलं असावं. मला पटलं नाही. पोराच्या वकिलाचं ऑफिस दुकानापासून दोन बसथांब्यांवर होतं. तिथे जायला पोलीस कशाला लागतात?

दुसऱ्याच दिवशी ठाण्याचा माणूस येऊन सगळे गणवेश घेऊन गेला, अर्धे शिवलेलेसुद्धा. नवऱ्याने भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या पुसून काढल्या. आठ दिवसांनी निकाल लागला. वायरमन निर्दोष सुटला आणि इन्स्पेक्टरची चौकशी लागली.

आम्ही दोघं कोर्टाबाहेर उभे होतो. पोरगा बाहेर आला. पार वाळला होता. आई त्याला धरून कितीतरी वेळ रडली. मी डोळे पुसत पुढे झाले. वाटलं, आता ती मलाही जवळ घेईल.

तिने माझ्याकडे बघितलं. "मी फोटो दाखवला, तेव्हा तू तुझा दोरा ओळखला होतास?"

"हो."

"आणि त्याच्या आधी? पहिल्या दिवसापासून?"

मी मान हलवली. मी घाबरले होते, असं सांगणार होते. आमच्याही घरात काही सापडलं असतं तर, हेही सांगणार होते.

"त्या इन्स्पेक्टरवर माझा कधीच विश्वास नव्हता गं," ती म्हणाली. "तुझ्यावर होता."

मग तिने पोराचा दंड धरला, आणि दोघं रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेले. आम्हालाही त्याच बसने जायचं होतं. आम्ही पुढच्या बसने गेलो.